केबल तीच, मग ड्रायव्हर वेगळा का? नव्या पीसीला जुनी यंत्रं जोडणाऱ्यांसाठी

जूनचा दुसरा आठवडा. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाईल, आणि आमच्या सेवा केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत आलेली रांग. नेमका तेव्हाच आमचा जुना पीसी बसला. धावपळ करून विंडोज ११ चा नवा पीसी आणला आणि जुनी यंत्रं त्याला लावली. कीबोर्ड, माउस, वेबकॅम लगेच चालू. प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र मख्ख. हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, सगळ्यांची पिन तर एकच आहे!" त्याचं बरोबर होतं, आणि मला उत्तर देता आलं नाही. दीड दिवस गेला. त्यातला निम्मा वेळ मी चुकीचे ड्रायव्हर (यंत्राशी बोलायला पीसीत बसवावं लागणारं सॉफ्टवेअर) उतरवत होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून हीच वेळ अनेकांवर आली असणार. तुमचं सेवा केंद्र असो, झेरॉक्सचं दुकान असो की घरचा एक प्रिंटर, पुढच्या क्रमाने गेलात तर माझा दीड दिवस तुमच्या दोन तासांत बसेल.

१. आधी भानगड समजून घ्या

हा भाग गाळू नका. तो कळला की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं.

यूएसबी १९९६ च्या जानेवारीत आली. त्याआधी प्रिंटरला पंचवीस पिनांचं रुंद पोर्ट, माउसला वेगळं, कीबोर्डला वेगळं, असा कारभार होता. यूएसबीने खाचेचा आकार ठरवला, पाच व्होल्टचा पुरवठा ठरवला, यंत्र लावल्यावर त्याने पीसीला आपली ओळख कशी द्यायची ते ठरवलं, आणि माहितीचे तुकडे न हरवता कसे पोचवायचे तेही ठरवलं. तुकड्यांच्या आत काय लिहायचं, हे बहुतेक बाबतींत यंत्र बनवणाऱ्यावर सोडलं.

जमिनीच्या कामासाठी कोणी आजोबांचा जुना कागद घेऊन येतं ना, तसं आहे हे. कागद धड, शाई धड, भाषा मराठीच. पण लिपी मोडी. तो रजिस्टर पोस्टाने आला काय किंवा हातोहात आला काय, मोडी वाचणारा माणूस गाठल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. यूएसबी हे पोस्ट आहे आणि ड्रायव्हर हा मोडी वाचणारा.

मग कीबोर्डाला का लागत नाही? लागतो, पण तो विंडोजमध्ये आधीच बसलेला असतो. यूएसबीने काही यंत्रांचे 'वर्ग' पाडले आहेत आणि त्या वर्गांपुरती आतली भाषाही ठरवून दिली आहे. कीबोर्ड-माउसचा एक वर्ग, पेनड्राइव्हचा एक, हेडफोन-माइकचा एक, वेबकॅमचा एक. कीबोर्डाची भाषा तर इतकी साधी की 'के' ची कळ दाबली तर तो फक्त १४ हा आकडा पाठवतो. ती कोणत्याही कंपनीची असो, कळेवर 'क' छापलेला असो वा नसो. त्या १४ चं इंग्रजी 'के' करायचं की इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमधलं 'क', ते पीसी ठरवतो. एवढ्या मोजक्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होणं सोपं होतं.

प्रिंटरचाही वर्ग आहे, पण तो 'ही माहिती प्रिंटरपर्यंत ने' इथेच थांबतो. पान कोणत्या भाषेत लिहायचं हे त्यात नाही. सपाट काचेच्या स्कॅनरला सर्वमान्य असा स्वतःचा वर्गच मिळाला नाही. आणि ज्यांना कुठल्याच वर्गात बसायचं नाही त्यांच्यासाठी यूएसबीने एक मोकळा रकाना ठेवला आहे, 'कंपनीचा स्वतःचा'. तो रकाना भरलेलं यंत्र दिसलं की समजायचं, कंपनीचा ड्रायव्हर शोधावा लागणार.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ड्रायव्हर दोघांच्या मध्ये उभा असतो. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला विंडोज किंवा लिनक्स. यूएसबीचे नियम फक्त यंत्राकडच्या बाजूचे आहेत. विंडोजकडची बाजू मायक्रोसॉफ्ट ठरवते आणि वेळोवेळी बदलते. म्हणून काल चालणारं यंत्र, तीच केबल, तेच टेबल, आणि आज पीसी बदलल्यावर ठप्प.

२. सुरुवातीला हे जवळ ठेवा

• प्रत्येक यंत्राच्या पोटावरच्या किंवा पाठीवरच्या पट्टीचा फोटो. पूर्ण मॉडेल नंबर हवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी यंत्र वेगळं असू शकतं.
• यंत्राबरोबर आलेली मूळ केबल.
• रिकामा पेनड्राइव्ह, ड्रायव्हर साठवायला.
• पीसीचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड.
• अंगठ्याच्या यंत्राचं बिल आणि सीरियल नंबर.
• जुना पीसी अजून चालू होत असेल तर तो टाकू किंवा विकू नका. पायरी ५ मध्ये लागेल.

केबलबद्दल एक सूचना. यूएसबी २.० च्या केबलीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलीत माहितीच्या ताराच नसतात. यंत्राचा दिवा लागतो, म्हणून आपण केबलीवर संशय घेत नाही आणि ड्रायव्हर शोधत बसतो. आधी केबल बदलून बघा. लांबी पाच मीटरच्या आत ठेवा.

३. पीसीची बाजू तपासा

सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', मग 'अबाउट' उघडा. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ६४ बिट की ३२ बिट. विंडोज ११ फक्त ६४ बिटच असते. तुमच्या प्रिंटरबरोबर आलेल्या जुन्या सीडीवर ३२ बिटचा ड्रायव्हर असेल तर ती सीडी आता कपाटातच बरी. साधी जुनी सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालतात, ड्रायव्हर चालत नाही.

दुसरी, प्रोसेसर 'एआरएम' जातीचा तर नाही ना. काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये तो असतो आणि त्याला ड्रायव्हरही त्याच जातीचा लागतो. जुन्या यंत्रांसाठी तो सहसा मिळत नाही. केंद्रासाठी असा लॅपटॉप घेऊ नका, कितीही हलका असला तरी.

तिसरी, 'एस मोड'. नवा लॅपटॉप या मोडमध्ये आला असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरची ड्रायव्हरची फाईल तो उघडूच देत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एस मोड फुकट बंद करता येतो. मात्र एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही. आपल्याला जायचंही नाही.

४. यंत्राचं ओळखपत्र काढा

सगळ्यात उपयोगी पायरी ही, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. न ओळखलेल्या यंत्रावर पिवळा त्रिकोण असतो. त्यावर डबल क्लिक, मग 'डिटेल्स', आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' या अक्षरांपुढे चार-चार चिन्हं दिसतील. पहिली चार कंपनीची, दुसरी चार त्या मॉडेलची. कॅननची ०४ए९, एप्सनची ०४बी८, एचपीची ०३एफ०, ब्रदरची ०४एफ९. स्क्रीनवर ती अर्थात रोमन लिपीत असतात.

पट्टीवरचं नाव फसवू शकतं. एकाच कारखान्याचं यंत्र चार नावांनी विकलं जातं, आणि एकाच नावाच्या खोक्यात वर्षभराने वेगळी चिप येते. आयडी पोटातल्या चिपनुसार असतो, आणि ड्रायव्हर जुळवताना विंडोज हाच आयडी बघते. दोन्ही आकडे फोटोशेजारी लिहून ठेवा.

५. ड्रायव्हर कुठून आणायचा

हा क्रम पाळा. आधी 'विंडोज अपडेट' मध्ये जाऊन 'ऑप्शनल अपडेट्स' बघा. बऱ्याचदा ड्रायव्हर तिथेच वाट बघत असतो. तिथे नसेल तर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं 'सपोर्ट' पान, पूर्ण मॉडेल नंबर टाकून. तिथेही नसेल तर जुना पीसी: त्यातून ड्रायव्हरचं फोल्डर काढता येतं, अर्थात तोही ६४ बिट असेल तरच.

मॉडेलचं नाव टाकून शोधलं की वर जाहिराती येतात. हिरवं मोठं 'डाउनलोड'चं बटण असलेलं पान बहुधा कंपनीचं नसतं. 'तुमचे ४७ ड्रायव्हर जुने झालेत' असं सांगणारं सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नका. मी टाकलं होतं. त्याने चालू असलेलं साउंड कार्ड बंद पाडलं आणि वर पैसे मागितले. ज्या पीसीवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अनोळखी ड्रायव्हर घेणं म्हणजे दुकानाची किल्ली वाटेवरच्या माणसाला देणं. ड्रायव्हर साध्या सॉफ्टवेअरपेक्षा फार खोल, विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचू शकतो.

म्हणूनच विंडोज डिजिटल सहीशिवायचा ड्रायव्हर नाकारते. काही जुने ड्रायव्हर 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षेमुळेही अडतात. ती बंद करा म्हणून सांगणारे व्हिडिओ शेकड्याने मिळतील. घरच्या खेळाच्या पीसीचं तुम्ही बघा, पण केंद्राच्या पीसीवर मी ती बंद करणार नाही. त्यापेक्षा यंत्र बदलेन.

आणि केबल कधी लावायची? पायरी ४ मध्ये आयडी बघायला लावली असेल तर आता काढून ठेवा. बहुतेक प्रिंटर-स्कॅनरच्या बाबतीत आधी ड्रायव्हर, आणि त्याने 'आता जोडा' म्हटलं की मगच केबल. आधीच जोडली तर विंडोज आपल्याकडचा जवळपासचा ड्रायव्हर बसवून मोकळी होते, आणि मग खरा ड्रायव्हर बसवायला आधी तो उपटावा लागतो.

६. प्रिंटर: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

प्रिंटरच्या भाषा अनेक. १९८४ मध्ये ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली, त्याच सुमाराची एचपीची पीसीएल, डॉट मॅट्रिक्ससाठी एप्सनची ईएससी-पी, पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरची ईएससी-पीओएस. महागड्या ऑफिस प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट येते, त्यामुळे त्या भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला तरी निदान काळं-पांढरं पान निघतं.

आपल्या दुकानांत असतात ते स्वस्त लेझर. त्यांची गोष्ट निराळी. एफोर पान ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, छापायचं तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात, म्हणजे चार एमबीच्या वर माहिती. पोस्टस्क्रिप्ट समजून घेऊन हे ठिपके स्वतः तयार करायला प्रिंटरमध्ये चांगला प्रोसेसर आणि भरपूर मेमरी लागते. कंपन्यांनी हिशेब केला: पीसीत प्रोसेसर आहेच की, त्यालाच ठिपके काढू दे. प्रिंटर फक्त उमटवेल. त्यामुळे प्रिंटर स्वस्त झाला आणि त्याचा निम्मा मेंदू ड्रायव्हरच्या रूपात आपल्या पीसीत येऊन बसला. हे ठिपके दाबून-गुंडाळून पाठवायची पद्धत प्रत्येक कंपनीची स्वतःची. कॅननच्या एलबीपी २९०० ची पद्धत 'कॅप्ट'. एचपीचा लेझरजेट १०२० तर त्याहून पुढचा: त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअरसुद्धा तो जपून ठेवत नाही, दर वेळी चालू केला की ड्रायव्हर ते पीसीतून त्याच्यात भरतो. अशा प्रिंटरला 'जवळपासचा' ड्रायव्हर चालत नाही. कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं थांबवलं की चांगला चालणारा प्रिंटरही अडून बसतो. राग येतो, पण घेतानाची स्वस्ताई इथून आलेली असते.

दोन सापळे सांगतो.

एक, 'कॉपी १'. प्रिंटरची केबल या खाचेतून काढून त्या खाचेत लावली की कधी कधी यादीत त्याच नावाचा दुसरा प्रिंटर उगवतो, पुढे 'कॉपी १' लिहून. छपाई पहिल्याकडे जाते आणि तिथेच अडकते. ज्या यंत्राने आपला सीरियल नंबर कळवला नाही, ते खाच बदलली की विंडोजला नवीन वाटतं. उपाय सोपा: प्रत्येक यंत्राला एक खाच नेमा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

दुसरा सापळा मराठीचा. पावतीच्या थर्मल प्रिंटरला विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर लावला की इंग्रजी आणि आकडे छान येतात, आणि 'रक्कम' च्या जागी प्रश्नचिन्हं. हा ड्रायव्हर अक्षरांचे क्रमांक पाठवतो आणि अक्षराचा आकार प्रिंटरने आपल्या पोटातून काढायचा असतो. त्या पोटात देवनागरी सहसा नसते. कंपनीचा ड्रायव्हर संपूर्ण पावतीचं चित्र करून पाठवतो, म्हणून जोडाक्षरंसुद्धा नीट उमटतात. पावती थोडी सावकाश निघते, एवढंच.

नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' शोधा. एअरप्रिंट २०१० ची, मोप्रिया ही संघटना २०१३ ची. अशा प्रिंटरला सर्वांना कळणारी पानाची भाषा येते आणि विंडोज आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरने त्यावर छापू शकते. कंपन्यांचे वेगळे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे टाकायचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलंच आहे. मात्र अशा सामायिक ड्रायव्हरने शाई किती उरली, जाड कागद, बिनसमासाची छपाई असली खास बटणं कधी कधी दिसत नाहीत. पासपोर्ट फोटो छापत असाल तर कंपनीचाच ड्रायव्हर लावा.

७. स्कॅनर

ऑल-इन-वन यंत्राचं छापणं चालू झालं म्हणजे स्कॅन चालू होईलच असं नाही. पीसीच्या दृष्टीने ती एका खोक्यातली दोन यंत्रं आहेत. 'बेसिक' ड्रायव्हर टाळा, 'फुल पॅकेज' घ्या.

स्कॅनरच्या बाजूला दोन पद्धती आहेत, ट्वेन आणि विया. ट्वेन १९९२ पासूनची, विया मायक्रोसॉफ्टची. या दोन्ही सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांच्यातल्या. ड्रायव्हर आणि स्कॅनर यांच्यातलं बोलणं पुन्हा कंपनीचं खासगीच. एखाद्या पोर्टलचं सॉफ्टवेअर फक्त ट्वेन मागत असेल आणि तुम्ही फक्त विया बसवली असेल, तर विंडोजच्या स्कॅन ॲपमध्ये सगळं ठीक दिसेल आणि तिकडे 'स्कॅनर सापडला नाही' येईल.

८. अंगठ्याचं यंत्र

इथे ड्रायव्हर बसला तरी काम अर्धंच. वर 'आरडी सर्व्हिस' (रजिस्टर्ड डिव्हाइस सर्व्हिस) हे आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. आधार प्राधिकरणाच्या नियमानुसार ठसा घेतल्याबरोबर त्यावर यंत्राची सही होऊन तो कुलूपबंद व्हायला हवा, म्हणजे कोणी साठवलेला जुना ठसा पुन्हा पाठवू शकणार नाही. हे काम आरडी सर्व्हिस करते. जुन्या एल-० यंत्रांत कुलूप पीसीतल्या सॉफ्टवेअरमध्ये लागायचं, एल-१ यंत्रांत ते यंत्राच्या आतच लागतं. नवीन घेताना एल-१ च घ्या. मंत्रा कंपनीचं एमएफएस १०० हे एल-०, तर एमएफएस ११० हे एल-१. दिसायला सारखी, म्हणून सेकंडहँड घेताना पट्टी नीट वाचा.

क्रम असा: ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस, मग यंत्र जोडणं, मग पीसी रीस्टार्ट. इंटरनेट चालू हवं, कारण यंत्राची नोंद सर्व्हरवर तपासली जाते. आरडी सर्व्हिसच्या सबस्क्रिप्शनची मुदत संपलेली असेल तर सगळं बरोबर करूनही यंत्र 'नॉट रेडी' राहतं. आधी मुदत बघा, मग डोकं फोडा.

ब्राउझर या सर्व्हिसला पीसीच्या आतल्याच ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टांवर शोधतो. अँटिव्हायरसने ती दारं लावली तर यंत्राचा दिवा लागतो, पण पोर्टलला यंत्र दिसत नाही. नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची रांग लागते, तेव्हा हे शोधत बसणं फार जड जातं. ऑक्टोबरातच एकदा स्वतःचा अंगठा लावून बघा.

९. वजनकाटा, दुधाचं यंत्र आणि निळी केबल

दूध संकलन केंद्रातलं फॅट मोजायचं यंत्र किंवा धान्याचा काटा जुन्या सीरियल पोर्टाचा असतो आणि मध्ये सीरियलचं यूएसबी करणारी निळी केबल घालावी लागते. ड्रायव्हर काट्याचा शोधू नका. तो लागतो या केबलीतल्या चिपला. आयडी ०६७बी ने सुरू झाला तर प्रोलिफिक, ०४०३ असेल तर एफटीडीआय, १ए८६ असेल तर सीएच३४० जातीची.

स्वस्त केबलीत यांच्या नकला सर्रास असतात, आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर नक्कल ओळखून यंत्र सुरूच करत नाही. सीएच३४० ची साधी केबल मला त्यातल्या त्यात बिनत्रासाची वाटली.

केबल दुसऱ्या खाचेत गेली की कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या केबलीला दिलेला, नंबर बदलू शकतो. कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि वजन येणं बंद. चिकटपट्टी इथेही.

१०. अडलंच तर कोड वाचा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्रावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, पायरी ४ पासून सुरू करा. १० म्हणजे ड्रायव्हर बसला पण यंत्र सुरू होईना: चुकीची आवृत्ती, किंवा वर सांगितलेली नकली चिप. ५२ म्हणजे सही पटली नाही. ४३ आला तर यंत्रानेच काहीतरी बिघाड कळवलाय: केबल बदला, हबमधून काढून थेट पीसीच्या मागच्या खाचेत लावा, आणि तरीही तोच कोड आला तर ते यंत्र दुसऱ्या पीसीवर लावून बघा. यादीत काहीच उगवत नसेल, पिवळा त्रिकोणही नाही, तर ड्रायव्हरचा विचार सोडा. ती केबल, खाच किंवा वीज यांची गोष्ट आहे.

सगळं चालू झालं की उतरवलेले ड्रायव्हर पेनड्राइव्हवर यंत्राच्या नावाने फोल्डर करून ठेवा, सोबत पट्टीचा फोटो आणि आयडी. आमचा पेनड्राइव्ह गल्ल्यात, शिक्क्यांच्या डबीशेजारी असतो, आणि तो कोणाला गाणी भरायला द्यायचा नाही हे पोराला दोनदा सांगून झालंय.